तक्ता पाठ होत नाही, म्हणून फार्माकॉलॉजी सोडायची?

प्रश्न : मी कराडला बी.फार्मच्या चौथ्या सेमिस्टरला आहे. अल्फा-बीटा रिसेप्टरचा (ॲड्रेनॅलिनसारखी रसायनं पेशीवर जिथे चिकटतात त्या जागांचा) तक्ता चारदा पाठ केला, चारदा विसरले. व्हायवात मीच विचारून बसले, की बीटामुळे हृदयात आणि श्वासनलिकेत दोन्हीकडे सायक्लिक एएमपी हे पेशीतलं रसायनच वाढतं, मग हृदय जोरात आकुंचन पावतं आणि श्वासनलिका सैल का पडते? परीक्षक हसले. एम.फार्मला फार्माकॉलॉजी घ्यायची होती. आता वाटतं, मेडिकलचं दुकान टाकलेलं बरं.

उत्तर : हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. ज्याला तक्ता नुसता पाठ असतो त्याला हा प्रश्न पडतच नाही.

सायक्लिक एएमपी हा नुसता निरोप. तो दोन्हीकडे प्रोटीन कायनेज ए या एन्झाइमला कामाला लावतो, पण त्याच्या हाताशी काय आहे ते पेशीगणिक बदलतं. हृदयाच्या पेशीत ते कॅल्शियम चॅनेलवर, म्हणजे कॅल्शियम आत येण्याच्या दारावर, फॉस्फेट चिकटवतं, कॅल्शियम जास्त आत येतं, ठोका जोरात पडतो. श्वासनलिकेच्या स्नायूत मात्र आकुंचनासाठी लागणारं मायोसिन लाइट चेन कायनेज हे एन्झाइम ते थंड करतं. झाली नळी सैल. म्हणून सॅल्ब्युटामॉलच्या पंपाने दमेकऱ्याला श्वास येतो, आणि जास्त झालं की हात थरथरतात, कारण हे औषध ज्याला जागं करतं तो श्वासनलिकेतला बीटा-२ रिसेप्टर हाताच्या स्नायूंतही आहेच.

अल्फाची वाट निराळी. अल्फा-१ जी-क्यू या पेशीतल्या प्रथिनामार्फत आयपी-३ हा वेगळा निरोप तयार करवतो, पेशीतल्या साठ्यातलं कॅल्शियम सुटतं, रक्तवाहिनी आवळते. अल्फा-२ जी-आय या दुसऱ्या प्रथिनामार्फत सायक्लिक एएमपीलाच लगाम घालतो. आल्क्विस्ट या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये अल्फा-बीटा ही विभागणी मांडली तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. कुठल्या अवयवावर कुठलं औषध जास्त चालतं, एवढं बघून त्यांनी ती केली. तूही तक्ता असाच, अवयवाकडून वाच.

आपल्याकडचंच उदाहरण घे. कोकणात लाल विंचू चावला की शरीरात ॲड्रेनॅलिन-नॉरॲड्रेनॅलिनचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी तिथे प्राझोसिन वापरलं. रक्तदाबाची साधी गोळी, अल्फा-१ अडवणारी. तिने कित्येक जीव वाचले.

आता करिअरचं. दुकानात कमीपणा काही नाही, पण एका व्हायवाच्या रागात भांडवल घालू नकोस. एम.फार्मसाठी जीपॅट या देशपातळीवरच्या परीक्षेची तयारी सुरू कर. नायपर या राष्ट्रीय औषधनिर्माण संस्थांच्या प्रवेश परीक्षेलाही जीपॅट लागते. पुढे फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणं), क्लिनिकल रिसर्च (माणसांवरच्या औषधचाचण्या), औषध कंपन्यांची संशोधन खाती, अध्यापन, असे रस्ते आहेत. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे घरी आधीच सांगून ठेव.

मला खरी शंका तुझ्या पाठांतराची नाही, उंदरांची आहे. फार्माकॉलॉजीत प्राण्यांवरचे प्रयोग आणि नंतर तासन्‌तास आकडेमोड असते. कॉलेजात एम.फार्मचं कुणी असेल तर एक दुपार त्यांच्या शेजारी बसून बघ, आणि मग मला पुन्हा लिही.