तुझ्या आराखड्याबद्दल

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. विषय आवडला, पण 'माध्यमांचा धर्मावरील परिणाम' हे शीर्षक बदल. त्यातून असं वाटतं, की धर्म एका जागी स्वस्थ बसला होता आणि माध्यमांनी येऊन त्याला धक्का दिला. १४५४-५५च्या सुमारास जर्मनीतल्या माइन्त्समध्ये गुटेनबर्गचं बायबल छापलं जात होतं, तेव्हाच तिथे चर्च पैसे घेऊन देई ती पापक्षमेची पत्रंही छापली जात होती. नाव आणि तारीख भरायला त्यात मोकळी जागा असे, म्हणजे आजच्या छापील अर्जासारखीच. माध्यमाविना धर्म कुठे होता, हे मला तरी सांगता येणार नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. तू तीनशे प्रवचनांचे व्हिडिओ गोळा करून त्यांचा आशय तपासणार आहेस. त्यातून प्रवचनकार काय बोलला ते कळेल. पण ऐकणाऱ्याने ते कधी ऐकलं, काय करता करता ऐकलं, मध्येच बंद का केलं, हे त्यात येणार नाही, आणि तुझा खरा विषय तर तोच आहे. मानववंशशास्त्रज्ञ चार्ल्स हर्शकाइंड यांनी कैरोमध्ये इस्लामी प्रवचनांच्या कॅसेटचा अभ्यास केला, तेव्हा टॅक्सी आणि दुकानं हीसुद्धा त्यांच्या अभ्यासाची जागा झाली. ऐकता ऐकता माणूस स्वतःचं मन कसं घडवू पाहतो, याकडे त्यांनी लक्ष दिलं. नुसत्या कॅसेट उतरवून घेतल्या असत्या, तर हे हाती लागलं नसतं.

पद्धतीसाठी मात्र धार्मिक चित्रांचे अभ्यासक डेव्हिड मॉर्गन यांचं काम नीट वाच. अमेरिकी चित्रकार वॉर्नर सॉलमन यांनी १९४०मध्ये रंगवलेलं ख्रिस्ताचं चित्र कोट्यवधी प्रतींतून घरोघरी गेलं. दुसऱ्या महायुद्धात ते सैनिकांच्या खिशातही पोचलं. कलासमीक्षकांनी ते गोडगोड, बाजारू म्हणून बाजूला सारलं होतं. मॉर्गन यांनी धार्मिक नियतकालिकांच्या वाचकांनाच विचारलं, की या चित्राबद्दल तुम्हाला काय वाटतं ते लिहून कळवा. ५००हून अधिक पत्रं आली. आजारपणात उशाशी ठेवलेलं चित्र, बालपणापासून भिंतीवर असलेलं चित्र, असं बरंच काही त्यांत होतं. कलेचा दर्जा हा पत्रं लिहिणाऱ्यांचा प्रश्नच नव्हता. तुझ्या टिपणात 'सवंग' हा शब्द चार ठिकाणी आहे. तो कुणाचा निवाडा आहे, हे प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचार. (तुझा असेल तर काढून टाक, मुलाखतीतल्या माणसाचा असेल तर तसं लिही.)

'स्टार वॉर्स' चित्रपटांतल्या योद्ध्यांवरून आलेल्या जेडाय धर्माचं उदाहरण गंमत म्हणून घेतलंयस, ते राहू दे, पण गमतीवर थांबू नकोस. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००१च्या जनगणनेत ३,९०,१२७ लोकांनी धर्माच्या रकान्यात 'जेडाय' लिहिलं. सरकारी मोजणीत त्यांना 'धर्म नाही' या गटात टाकलं गेलं. हा धर्म खरा की खोटा, यावर प्रकरण खर्ची घालू नकोस. धर्म मोजायचा अधिकार कुणाकडे असतो आणि लोक त्या रकान्याशी कसे खेळतात, हा जास्त पिकणारा प्रश्न आहे.

तू स्वतः श्रद्धाळू आहेस की नाही, हे मला ठाऊक नाही आणि त्यानं काही बिघडत नाही. मुलाखत देणारे मात्र विचारतील. खरं उत्तर दे.

खासगी ग्रुपमधल्या संदेशांचे स्क्रीनशॉट परिशिष्टात जोडायचा बेत लगेच सोड. ग्रुपच्या अॅडमिननं हो म्हटलं म्हणजे सगळ्यांची संमती मिळाली असं होत नाही. शिवाय नाव झाकलं तरी बोलण्याच्या लकबीवरून माणूस ओळखता येतो.

प्रश्नावली अजून छापू नकोस. आधी एका माणसाच्या एका दिवसाची नोंद करून पाठव: सकाळपासून काय पाहिलं, काय ऐकलं, काय पुढे पाठवलं, काय न उघडताच पुसून टाकलं. ती वाचून मग मुलाखतींची संख्या ठरवू.

तुझा,
मार्गदर्शक