वाचकांचे प्रश्न : डायलिसिसचा खर्च आणि घरपट्टीची थकबाकी

प्रश्न : माझे यजमान ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात नोकरीला होते. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून त्यांची नोकरी सुटली असून आठवड्यातून तीन वेळा खाजगी केंद्रात डायलिसिस करावे लागते. कोपरखैरणे येथे आमचे सिडकोचे छोटे घर आहे आणि ते त्यांच्याच नावावर आहे. घरपट्टीची मूळ थकबाकी सुमारे 27 हजार असून तिच्यावर दंड वाढत चालला आहे. आता मागणीची नोटीस आली आहे. आजारपणाच्या कारणावरून घरपट्टी माफ होते का? दीर सोने गहाण ठेवून ती भरा म्हणतात, तर शेजारी थांबा, अभय योजना येईल म्हणतात. घराच्या पुढच्या खोलीत पूर्वी यजमानांचे झेरॉक्सचे दुकान होते, ते बंद होऊन बराच काळ झाला. काय करावे?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते आधी सांगितलेले बरे, म्हणजे माफीच्या आशेवर आणखी महिने जाणार नाहीत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 मध्ये मालकाच्या आजारपणासाठी मालमत्ता करातून सूट दिलेली नाही. 1 जानेवारी 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मिळालेली करमाफी बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीतली आहे. तिचा दाखला देऊन नवी मुंबईत माफी मागता येणार नाही. शिवाय या कराचा बोजा कायद्याने मालमत्तेवरच असतो, त्यामुळे पुढे घर विकायचे झाले किंवा वारसांच्या नावावर करायचे झाले तरी थकबाकी घराबरोबरच राहते.

मात्र कर माफ होत नसला, तरी तो बरोबर आकारला आहे की नाही हे तपासण्याचा तुमचा हक्क पूर्ण आहे, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाची खरी किल्ली त्या बंद पडलेल्या दुकानात आहे. बिलावर वापराचा प्रकार पाहा. पुढची खोली अजूनही ‘अनिवासी’ म्हणून नोंदलेली असेल, तर तिचे करयोग्य मूल्य आणि कराचा दर दोन्ही राहत्या खोलीपेक्षा जास्त लागलेले असण्याची शक्यता मोठी आहे. महापालिकेच्या कोपरखैरणे विभाग कार्यालयात वापरातील बदलाचा अर्ज द्या, सोबत महावितरणचे घरगुती दराचे बिल, दुकान बंद केल्याचा कागद असल्यास तो आणि खोलीची छायाचित्रे जोडा, आणि स्थळपाहणी करण्याची लेखी विनंती करा. हा अर्ज 31 मार्चपूर्वी पोहोचणे महत्त्वाचे आहे, कारण आकारणी पुस्तकातील दुरुस्ती साधारणपणे चालू आर्थिक वर्षापुरती होते आणि मागच्या वर्षांचा फरक मिळवणे फार कठीण जाते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. घरात अंथरुणाला खिळलेला माणूस असताना त्याच कामासाठी पुन्हा खेटे घालणे तुम्हाला परवडणारे नाही.

आता दंडाविषयी. थकीत करावर दरमहा 2 टक्के, म्हणजे वर्षाला 24 टक्के शास्ती लागते. 27 हजारांवर ती महिन्याला 540 रुपये होते. बँकेच्या सोनेतारण कर्जाचा दर सहसा याहून बराच कमी असतो, म्हणून तुमच्या दिरांचा सल्ला हिशेबाने चुकीचा नाही. पण ते कर्ज बँकेचे असावे, सावकाराचे नव्हे, आणि त्याचे व्याज दरमहा भरण्याइतकी आवक घरात असेल तरच ते काढावे. अन्यथा सोनेही जाईल आणि पुढच्या सहामाहीचे बिलही थकेल. अभय योजनेत दंडाचा काही भाग माफ होतो, मूळ कर नव्हे. नवी मुंबईत अशा योजना पूर्वी राबवल्या गेल्या आहेत, परंतु तिच्या भरवशावर नोटीस बाजूला ठेवणे धोक्याचे आहे, कारण मागणीच्या नोटिशीनंतरची पायरी जप्तीच्या वॉरंटची असते. नोटिशीला लेखी उत्तर द्या, डायलिसिसची कागदपत्रे जोडा, हप्ते मागा आणि अर्जासोबत जमेल तेवढी रक्कम भरून पावती घ्या. हप्ते देणे हा प्रशासनाचा निर्णय असतो, पण काहीच न भरता मागितलेल्या मुदतीपेक्षा पैसे भरून मागितलेल्या मुदतीला वजन येते. भरलेली रक्कम मुद्दलात जमा झाली की दंडात, हे पावतीवर तपासा. थकबाकीचा वाद तडजोडीने मिटवण्यासाठी राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली, तर तिला घाबरू नका. तिथे जरूर हजर राहा.

तुमच्या पत्रातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट घरपट्टी नाही, खाजगी केंद्रातले डायलिसिस आहे. राज्य शासनाच्या मोफत उपचारांसाठीच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, आणि 2023 च्या शासन निर्णयानुसार प्रति कुटुंब प्रति वर्ष 5 लाख रुपयांचे संरक्षण पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू करण्यात आले. म्हणजे ‘आमचे केशरी कार्ड नाही’ किंवा ‘आमचे स्वतःचे घर आहे’ म्हणून कुणी तुम्हाला परत पाठवू नये. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात रुग्णांना योजनेचा लाभ घ्यायला मदत करणारा आरोग्यमित्र असतो. शिधापत्रिका, आधार आणि डॉक्टरांचे कागद घेऊन आधी त्याला भेटा. याशिवाय धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तहसील कार्यालयातून आताच काढून ठेवा. उपचाराचा खर्च उतरला, तर घरपट्टीचे हप्ते भरणे तुमच्या आवाक्यात येईल, म्हणून या आठवड्यात एकच काम होणार असेल, तर आरोग्यमित्राची भेट आधी घ्या, नोटिशीची मुदत संपत नसेल तर.

प्रश्न : माझे वय 72 असून मला पार्किन्सन आहे. नौपाड्यातील घराची घरपट्टी मी नियमित भरतो. मला काही सवलत आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : काका, आजारासाठी वेगळी करसवलत ठाण्यातही नाही. वर्षाचा कर सुरुवातीलाच एकरकमी भरणाऱ्यांना महापालिका अलीकडच्या वर्षांत सवलत देते, त्यामुळे बिल आल्याबरोबर तिची मुदत पाहावी. पार्किन्सनचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील दिव्यांगत्वाच्या यादीत आहे. जिल्हा शासकीय रुग्णालयातून तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्र घ्यावे. आणि वयाची सत्तरी ओलांडलेली असल्यामुळे ज्येष्ठांच्या मोफत उपचारांसाठीच्या आयुष्मान वय वंदना कार्डाला तुम्ही उत्पन्नाच्या अटीविना पात्र आहात, ते काढले नसेल तर आधार घेऊन काढून घ्यावे.