वाचकांचे प्रश्न : फिजिक्सचं नोबेल, जेफ्री हिंटन आणि चाळीस वर्षांचा हट्ट

एआयवर काहीही छापलं की न्यूरल नेटवर्कवर आयुष्यभर काम केलेल्या जेफ्री हिंटन यांच्याबद्दल कुणीतरी विचारतंच, म्हणून यावेळचा सगळा कॉलम त्यांच्यावर. काही प्रश्न लांब होते ते थोडे कापलेत.

प्रश्न : २०२४ चं फिजिक्सचं नोबेल हिंटनना मिळालं पण ते तर कॉम्प्युटरवाले, आणि डिग्री म्हणे सायकॉलॉजीची. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, वर्गात पोरं विचारतात तेव्हा नीट सांगता येत नाही. (एक शिक्षिका, सातारा)

मॅडम, वर्गात सुरुवात हिंटनपासून करूच नका, जॉन हॉपफिल्डपासून करा. नोबेल दोघांना मिळून आहे आणि हॉपफिल्ड पक्के फिजिक्सवाले. १९८२ मध्ये त्यांनी एक न्यूरल नेटवर्क मांडलं, म्हणजे मेंदूवरून सुचलेलं, एकमेकांना जोडलेल्या साध्या घटकांचं जाळं, घटकाला न्यूरॉन म्हणायचं, त्यातला प्रत्येक न्यूरॉन एकतर चालू नाहीतर बंद, आणि सगळ्या नेटवर्कची मिळून एक एनर्जी, चुंबकातल्या स्पिनची, म्हणजे अणूंच्या छोट्या छोट्या चुंबकांची, काढतात तशीच. एखादं चित्र लक्षात ठेवायचं म्हणजे न्यूरॉन्समधल्या जोडण्या अशा ठरवायच्या की त्या चित्राच्या जागी एनर्जी कमी होईल. मग अर्धवट पुसलेलं चित्र दिलं तरी नेटवर्क एकेक न्यूरॉन बदलत एनर्जी कमी करत जातं आणि पूर्ण चित्रावर येऊन थांबतं, डोंगरावर पाऊस कुठेही पडला तरी पाणी उताराने जवळच्या दरीत येतं ना, तसंच.

हिंटन यांनी डेव्हिड ॲक्ली आणि टेरी सेजनॉवस्की यांच्याबरोबर १९८५ मध्ये यात दोन गोष्टी घातल्या. एक म्हणजे तापमान, म्हणजे न्यूरॉन कधीकधी एनर्जी वाढत असली तरी बदलू शकतो, आणि कुठली स्थिती किती वेळा दिसणार ते बोल्ट्झमनच्या एकोणिसाव्या शतकातल्या सूत्रावरून ठरतं. दुसरं म्हणजे लपलेले न्यूरॉन, ज्यांना बाहेरून काहीच दिलेलं नसतं, उदाहरणं बघून आपण काय ओळखायचं ते त्यांचे तेच शिकतात. याचं नाव बोल्ट्झमन मशीन. हे सगळं स्टॅटिस्टिकल फिजिक्सच आहे, त्यामुळे नोबेल चुकीच्या खात्यात गेलं असं मला अजिबात वाटत नाही. फक्त पोरांना एक सांगा की आजचे चॅटबॉट बोल्ट्झमन मशीनवर चालत नाहीत, ती पद्धत फार हळू शिकते. ते ज्या रीतीने शिकतात त्या बॅकप्रोपगेशनचा प्रश्न खालीच आहे.

प्रश्न : बॅकप्रोपगेशनचा शोध हिंटननी लावला असं सगळीकडे वाचतो पण आमचे सर म्हणतात ते खोटं आहे. खरं काय? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे)

सर बरोबर आहेत. आधी ते काय आहे ते दोन ओळीत. न्यूरॉन थराथराने मांडलेले असतात. नेटवर्कने उत्तर दिलं, खरं उत्तर वेगळं होतं, म्हणजे चूक झाली. आता ती चूक शेवटच्या थरापासून मागे मागे नेत प्रत्येक जोडणीचा तिच्यात किती वाटा होता ते काढायचं आणि ती जोडणी तेवढ्या हिशोबाने किंचित बदलायची, आणि हे लाखो वेळा करायचं. गणित बारावीतलंच, डेरिव्हेटिव्हचा चेन रूल. फिनलंडच्या सेप्पो लिनाइनमा यांनी १९७० मध्ये हिशोबाची ही रीत मांडली होती, पॉल वर्बोस यांनी १९७४ च्या थिसिसमध्ये तिचा विचार केला होता, आणि हिंटन स्वतः मोकळेपणाने सांगतात की त्यांच्या गटात ही कल्पना डेव्हिड रुमेलहार्ट यांची.

मग १९८६ चा रुमेलहार्ट, हिंटन आणि रोनाल्ड विल्यम्स यांचा 'नेचर'मधला पेपर एवढा मोठा का? कारण त्यांनी दाखवलं की या रीतीने नेटवर्कला अर्थ लागायला लागतो. यातलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण घरातल्या नात्यांचं आहे. दोन कुटुंबं घेतली, एक इंग्लिश एक इटालियन, मिळून २४ माणसं आणि १२ प्रकारची नाती, बाप, आई, भाऊ, पुतण्या वगैरे. या माणसाचा अमुक कोण असं विचारलं की नेटवर्कने नाव सांगायचं. एकूण १०४ वाक्यं होत होती, त्यातली १०० शिकवली, चार झाकून ठेवली. माणसांची वयं किंवा पिढ्या नेटवर्कला कुणीच सांगितल्या नव्हत्या, त्याच्यासाठी ती नुसती वेगवेगळी बटणं होती. शिकून झाल्यावर आत डोकावलं तर एक न्यूरॉन इंग्लिश की इटालियन ते सांगतोय, एक पिढी सांगतोय, एक घराण्याची कुठली शाखा ते सांगतोय! आणि झाकून ठेवलेल्या वाक्यांचीही उत्तरं ते बरोबर देऊ शकलं. आजचं भाषेचं मॉडेल प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक लांबलचक यादी देतं आणि त्या यादीत अर्थ साठवतं, त्याचं अगदी छोटं रूप हे. म्हणून शोध कुणाचा यापेक्षा हा पेपर वाच असं मी सांगेन, फार लांब नाहीये.

प्रश्न : एवढी वर्षं कुणी ऐकत नव्हतं म्हणतात, मग त्यांचं घर कसं चालायचं? पैसे कोण द्यायचं? मुलगी पीएचडी करतेय, गाईड म्हणतात विषय चालणारा नाही, म्हणून विचारतोय. (एक पालक, छत्रपती संभाजीनगर)

खूप चांगला प्रश्न. मुळात हिंटन सरळ रस्त्याने आलेच नाहीत, केंब्रिजला विषय बदलत बदलत १९७० मध्ये एक्सपेरिमेंटल सायकॉलॉजीची डिग्री घेतली, मग काही काळ चक्क सुतारकाम केलं, मग एडिंबराला पीएचडीला गेले. तेव्हा न्यूरल नेटवर्क हा मेलेला विषय समजत होते, १९६९ मध्ये एआयवाल्याच मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी पुस्तक लिहून एका थराच्या नेटवर्कला साध्या गोष्टीही जमत नाहीत हे दाखवलं होतं. त्यांचे गाईड लाँगेट-हिगिन्स यांचाही नेटवर्कवरचा विश्वास तोपर्यंत उडालेला. तरी त्यांनी हिंटनना त्यांचंच काम करू दिलं, आणि गाईडचा हा मोठेपणा कुणी फारसा सांगत नाही म्हणून मी मुद्दाम सांगतोय. पीएचडी १९७८ मध्ये मिळाली.

ब्रिटनमध्ये नोकरी मिळणं कठीण होतं म्हणून मग अमेरिका, आधी सॅन डिएगो, १९८२ पासून कार्नेगी मेलन. तिथे एआयचा बराचसा पैसा संरक्षण खात्याकडून यायचा आणि तो त्यांना नको होता, म्हणून १९८७ मध्ये टोरोंटो. कॅनडात 'सिफार' म्हणून एक संस्था आहे, तिने लगेच उपयोग काय हे न विचारता पैसे दिले, २००४ पासून तर हिंटन यांच्याच हाताखाली एक कार्यक्रम चालवला ज्यात याच विषयातले यान लकन आणि योशुआ बेंजिओही होते. रक्कम फार मोठी नव्हती पण माणसं एकमेकांना भेटत राहिली, आणि कॉम्प्युटर क्षेत्रातला सगळ्यात मोठा मान, २०१८ चं ट्युरिंग अवॉर्ड, याच तिघांना मिळालं.

मग २०१२. फेई-फेई ली यांनी जमवलेल्या इमेजनेट या फोटोंच्या साठ्यावरच्या स्पर्धेत १००० प्रकारच्या गोष्टी ओळखायच्या होत्या, शिकायला जवळजवळ १२ लाख फोटो. हिंटन यांचे विद्यार्थी ॲलेक्स क्रिझेव्हस्की आणि इल्या सुत्स्केव्हर यांनी गेम खेळायची दोन ग्राफिक्स कार्डं वापरून पाच-सहा दिवसात नेटवर्क शिकवलं, चूक १५.३ टक्के, दुसरा नंबर २६.२ वर! त्याच डिसेंबरमध्ये लेक टाहोच्या एका हॉटेलात तिघांच्या नवीन कंपनीचा लिलाव झाला आणि गुगलने ४.४ कोटी डॉलर दिले.

तुमच्या मुलीबद्दल : चाळीस वर्षं थांबलेले इतरही बरेच असतील ज्यांचं काहीच झालं नाही, त्यामुळे हिंटन यांचं नाव पुढे करून गाईडशी भांडू नये. पण विषय का चालणार नाही याचं कारण त्यांना विचारावं, आणि कारण 'सध्या कुणी करत नाही' एवढंच असेल तर ते कारण नव्हे.

प्रश्न : मी रेडिओलॉजीचा रेसिडेंट आहे. हिंटन म्हणाले होते रेडिओलॉजिस्ट घडवणं बंद करा. मी काय समजू? (नागपूर)

डॉक्टर, ते बोलले होते २०१६ मध्ये, पाच वर्षात मशीन रेडिओलॉजिस्टपेक्षा सरस होईल असं. पाच वर्षं उलटून गेली, रेडिओलॉजिस्ट आहेत आणि कमीच पडतायत. पुढे त्यांनी स्वतः मान्य केलं की आपण फार सरसकट बोललो, आपल्याला फक्त फोटो वाचण्याचं काम म्हणायचं होतं. पेशंटची हिस्टरी, सर्जनशी बोलणं, सुई घालून बायोप्सी हे तुमचं काम त्यांच्या हिशोबात नव्हतंच.

यावरून त्यांचा मे २०२३ चा इशाराही उडवून लावायचा का, गुगल सोडून ते एआयच्या धोक्याबद्दल बोलायला लागले तो? मला तसं वाटत नाही. धोका किती टक्के ते सांगतात ते बाजूला ठेवा, तो अंदाज आहे, आणि एकेकाळी त्यांच्याच हाताखाली काम केलेले लकन त्याच्याशी बिलकुल सहमत नाहीत. पण एआय माणसाच्या पुढे जाईल असं का वाटतं याचं त्यांचं कारण ऐकण्यासारखं आहे : एकाच मॉडेलच्या हजार कॉप्या हजार वेगळ्या गोष्टी शिकल्या तर जोडण्यांचे आकडे एकत्र करून सगळ्यांना सगळं येतं, आपल्याला मात्र एकमेकांना बोलूनच शिकवावं लागतं, तेही किती हळू! या मुद्द्याला मला अजून समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही.

प्रश्न : बीएस्सी मॅथ्स झालंय, यात यायचंय, कोर्सवाले लाखभर मागतायत. भरू का? (कोल्हापूर)

आत्ता नको. लिनिअर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी तुझी झालेलीच आहे, पायथन महिन्या-दोन महिन्यात येईल. मग एमनिस्टचे हाताने लिहिलेले आकडे घे, फुकट मिळतात, शिकवायला ६०,००० आणि तपासायला १०,०००, आणि न्यूरल नेटवर्कची कुठलीही तयार लायब्ररी न घेता नुसत्या नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) दोन थरांचं नेटवर्क लिही, बॅकप्रोपगेशन कागदावर स्वतः काढून. हिंटन यांनी २०१२ मध्ये कोर्सेरा या ऑनलाइन साइटवर कोर्स घेतला होता, त्याची लेक्चर्स शोध, त्यातल्याच एका स्लाइडवर त्यांनी आरएमएसप्रॉप नावाची नेटवर्क शिकवायची पद्धत मांडली जिचा पेपर कधी छापलाच नाही आणि तरी जगभर वापरतात. हे नेटवर्क चाललं आणि तरीही कोर्स हवासा वाटला तर फी भरायच्या आधी लिहून कळव, काय शिकवणार त्याची यादी पण पाठव, बघून सांगतो.