घरचा लिनक्स: वाचकांचे प्रश्न

(आज्ञा उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप कराव्यात. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.)

उबुंटूवर मारियाडीबी (डेटाबेसचा प्रोग्रॅम) बसवताना मध्येच लाइट गेली. नंतर कसंबसं बसलं, पण उघडायला गेलं की २००२ एरर. तीनदा काढून पुन्हा घातलं. शेवटी 'ईटीसी'मधलं मायएसक्यूएल फोल्डरही हाताने उडवलं. तरी तेच. – एक वाचक, खानापूर

पावसाळ्यात खानापूर भागात लाइटचा भरवसा नाही, तेव्हा आधी अर्धवट राहिलेलं काम पुरं करा: 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', मग 'सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल'. 'लॉक'चा संदेश आला तर मशीन चालू झाल्याबरोबर आपोआप होणारे अपडेट मागे चालू असतात. दहा मिनिटं थांबा, लॉकची फाइल पुसू नका.

फोल्डर उडवलंत ते मात्र महागात पडलं. सेटिंगची फाइल मालकानेच काढली, तर डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) ती मालकाची इच्छा समजतो आणि साध्या रीइन्स्टॉलने परत ठेवत नाही. म्हणून कितीदाही घातलं तरी तेच. ती परत आणायला:

'सुडो ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल -ओ डीपीकेजी::ऑप्शन्स::=--फोर्स-कॉन्फमिस मायएसक्यूएल-कॉमन मारियाडीबी-कॉमन मारियाडीबी-सर्व्हर'

तुमच्याकडे सर्व्हरच्या पॅकेजच्या नावापुढे १०.६ सारखा आकडा असेल, तर तेही नाव शेवटी जोडा.

आता २००२. याचा पासवर्डशी संबंध नाही. बहुतेक वेळा सर्व्हर चालूच नाही, असा त्याचा अर्थ. का चालू नाही ते 'सुडो जर्नलसीटीएल -यू मारियाडीबी -एन ५०' सांगेल. ॲप्टच्या लाल ओळींपेक्षा या पन्नास ओळी कामाच्या. त्यात 'एररनो १३' दिसलं तर डेटा फोल्डरची मालकी बिघडलेली असते. पेनड्राइव्हवरून परत कॉपी केलेल्या फोल्डरचं हमखास असंच होतं. उपाय: 'सुडो चोन -आर मायएसक्यूएल:मायएसक्यूएल /व्हार/लिब/मायएसक्यूएल'. इथला 'आर' मोठा, आणि 'चोन' म्हणजे सी-एच-ओ-डब्ल्यू-एन. '२८' दिसलं तर डिस्क भरली आहे, 'डीएफ -एच' करून बघा. आणि याच मशीनवर पूर्वी मायएसक्यूएल ८ असेल, तर त्याच्या डेटा फाइल मारियाडीबीला वाचता येत नाहीत. तो डेटा मायएसक्यूएलमधूनच डंप (मजकुराच्या रूपातली प्रत) काढून आणावा लागतो. काहीही करण्याआधी सर्व्हिस बंद करून डेटा फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

डेटाबेसच्या रूटचा (मुख्य युजरचा) पासवर्ड बरोबर देतोय, तरी १६९८ एरर. – एक वाचक, निपाणी

पासवर्ड विचारला जातो, पण तपासला जात नाही! डेबियन-उबुंटूवर डेटाबेसचा रूट हा लिनक्सच्या रूटशी बांधलेला असतो. 'सुडो मारियाडीबी' म्हणा, थेट आत जाल. दुकानाच्या हिशोबाच्या प्रोग्रॅमला रूट देऊच नका. आत गेल्यावर 'क्रिएट युजर' करून वेगळा युजर आणि पासवर्ड करा, 'ग्रँट ऑल ऑन' लिहून त्याला फक्त त्या एका डेटाबेसचा हक्क द्या. रूटची रचना बदलण्याचे उपाय इंटरनेटवर ढिगाने सापडतील, गरज नाही.

वाचनालयाच्या मराठी आणि कन्नड पुस्तकांची यादी एक्सेलमधून मारियाडीबीत घेतली. सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हं. फॉन्ट कुठला घालू? – एक वाचनालय, बेळगाव

फॉन्टचा यात दोष नाही. टेबलात नक्की काय साठलंय ते हेक्समध्ये (अक्षरांच्या आकडी संकेतांत) बघा: 'सिलेक्ट हेक्स(नाव) फ्रॉम पुस्तके लिमिट ५;' (कंसातलं आणि टेबलाचं नाव तुमच्याकडे असेल ते.) '३एफ ३एफ ३एफ' आलं तर ती खरोखरची प्रश्नचिन्हं आहेत. मूळ अक्षरं गेली, यादी पुन्हा घ्यावी लागेल. मराठी अक्षरांची सुरुवात 'ई० ए४' किंवा 'ई० ए५' अशी हवी, कन्नडची 'ई० बी२' किंवा 'ई० बी३'. तशी असेल तर डेटा शाबूत आहे, फक्त दाखवताना गोंधळ होतोय.

गंमत बघा: आपला 'क' म्हणजे 'ई० ए४ ९५' आणि कन्नडचा 'क' म्हणजे 'ई० बी२ ९५'. फरक मधल्या एका बाइटचा, कारण दोन्ही लिप्यांची मांडणी एकाच भारतीय साच्यावरून घेतली आहे. दोघांनाही तीन-तीन बाइट लागतात, त्यामुळे एकाच टेबलात दोन्ही भाषा सुखाने नांदतात.

पुन्हा घेताना एक्सेलमध्ये सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. नुसतं 'सीएसव्ही' घेतलं तर बहुतेक वेळा प्रश्नचिन्हं तिथेच तयार होतात. टेबल 'यूटीएफ८एमबी४' या कॅरॅक्टर सेटमध्ये (अक्षरसंचात) करा आणि 'लोड डेटा'च्या आज्ञेतही 'कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४' लिहा. आधी दहाच पुस्तकं घ्या, हेक्स बघा, मग उरलेली.