रात्रीची पिशवी आणि ग्लुकोमीटरचा खोटा आकडा

ताई, पोटाचे डायलिसिस घरी सुरू असलेल्या आपल्या सासऱ्यांना पहाटे दरदरून घाम फुटतो, हातपाय कापतात आणि तरीही ग्लुकोमीटर तीनशेच्या घरात साखर दाखवतो, हे वाचून मी थबकलो, कारण माझ्या आईचेही नेमके असेच झाले होते. मी डॉक्टर नाही. तरीही इन्शुलिनचा पुढचा डोस देण्याआधी आपल्या नेफ्रॉलॉजिस्टना (मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना) फोन करावा आणि रात्री पोटात सोडायच्या डायलिसिस-द्रावणाच्या पिशवीवर ‘आयकोडेक्स्ट्रिन ७.५ टक्के’ असे छापले आहे काय, ते पाहावे.

या द्रावणाचे शरीरात माल्टोज ही वेगळ्या प्रकारची साखर तयार होते आणि ग्लुकोमीटरच्या ‘जीडीएच-पीक्यूक्यू’ या रासायनिक पद्धतीच्या पट्ट्या माल्टोजलाही ग्लुकोज म्हणून मोजतात. त्यामुळे साखर घसरलेली असतानाही आकडा चढाच दिसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्येच याबाबत इशारा दिला होता.

आईची शुद्ध हरपत चालली तेव्हा तालुक्याच्या एका दवाखान्यात तिच्या बोटाला टोचून तशाच यंत्रावर साखर पाहिली गेली. ही पिशवी नवीनच सुरू झाली आहे आणि अंग घामाने थंड पडले आहे, असे मी परोपरीने सांगत असताना मला ‘तुम्ही बाहेर थांबा’ म्हटले गेले आणि इन्शुलिन टोचले गेले. नसेतून रक्त काढून प्रयोगशाळेत तपासले असते तर खरा आकडा लगेच कळला असता. तो यवतमाळला पोहोचल्यावर कळला, ग्लुकोजची सलाईन लागली आणि आईने डोळे उघडले. परंतु नातवंडांची नावे ती अजूनही चुकते. रुग्णापेक्षा यंत्रावर अधिक विश्वास ठेवणाऱ्यांविषयी माझे मत तेव्हापासून फारसे चांगले राहिलेले नाही.

म्हणून घाम, कापरे किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास, आणि रुग्णाला नीट गिळता येत असल्यास, मी तरी आकड्याकडे न पाहता आधी साखरपाणी देईन आणि मग गाडी काढीन. रात्रीची पिशवी बंद केल्यानंतरही हा परिणाम सुमारे दोन आठवडे राहू शकतो, हे ध्यानात असू द्यावे. ‘आयकोडेक्स्ट्रिन सुरू आहे, साखर प्रयोगशाळेतच तपासावी’ अशी चिठ्ठी डॉक्टरांच्या सहीने रुग्णाच्या फाइलवर चिकटवावी.

‘ग्लुकोज ऑक्सिडेज’ या दुसऱ्या पद्धतीच्या पट्ट्या माल्टोजला सहसा फसत नाहीत. मात्र मेडिकलवाला ‘सगळ्या सारख्याच’ म्हणून दुसरी डबी देईल, तेव्हा त्यातील माहितीपत्रक वाचल्याशिवाय ती घेऊ नये. शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यात ती डबी टिनाच्या खोलीत ठेवू नये, उष्णतेने पट्ट्या खराब होतात.