सफरचंदं घालून ग्लेझ केलेलं पोर्क वरून करपतं आणि आतून कोरडं होतं. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की बागेतून टोपलीभर सफरचंदं तोडून आणलीत, ऑक्टोबरअखेर आठ जणांना जेवायला बोलावलंय, आणि मागच्या वेळी मधाचं ग्लेझ लावून दोन तास भाजलेलं पोर्क लॉइन वरून कोळसा नि आतून चिवट झालं होतं. मध बदलू का, असं विचारताय. मध बिचारा निर्दोष आहे. तो फार लवकर लावलात, एवढंच.

ग्लेझ म्हणजे शेवटी पाक. चिरोटे आधी तळतो आणि मग पाकात सोडतो. पाकात बुडवून कढईत सोडायचं कुणाच्या मनातही येत नाही. ओव्हन समोर आला की मात्र आपण नेमकं तेच करतो. मीही केलंय. न्यू जर्सीतल्या माझ्या पहिल्या वर्षी धुराचा अलार्म असा कोकलला की पाहुण्यांसाठी दार उघडायला नवरा टॉवेल फडकावतच गेला.

कोरडेपणाचं मूळ आपल्या मटणाच्या सवयीत आहे. शिजलं नाही वाटलं की आणखी दोन शिट्ट्या! लॉइन पाठीचं मांस, मुळात चरबी कमी. जास्त वेळ दिला की ते मऊ होत नाही, सुकतं. (खांद्याचा तुकडा असेल तर उलट, त्याला मंद आचेवर तीन-चार तास हवेतच.) म्हणून घड्याळ सोडा, थर्मामीटर घ्या. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अखंड तुकड्यांसाठी १६० ऐवजी १४५ अंश फॅरनहाइट पुरेसं ठरवलं, वर ३ मिनिटं विश्रांती. खिम्याला १६०च. मध्यभाग किंचित गुलाबी दिसेल, घाबरू नका.

आठ जणांना साडेतीन पौंडांचा बिनहाडाचा तुकडा घ्या. टेंडरलॉइन नको, ते बारीक असतं आणि अर्ध्या तासात होतं. आदल्या रात्री अडीच छोटे चमचे मीठ नि मिरपूड चोळून फ्रिजमध्ये उघडंच ठेवा. दुसऱ्या दिवशी चरबीची बाजू वर ठेवून ३५० अंशांवर भाजायला लावा. सव्वा तासाच्या आसपास लागेल.

तोवर दोन कप सायडर आटवा. सायडर म्हणजे इथे शरद ऋतूत मिळणारा तो गढूळ, तपकिरी रस, व्हिनेगर नव्हे. अर्धा कप उरला की दोन मोठे चमचे मेपल सिरप, एक चमचा डिजाँ मोहरी (दाणे नव्हे, बाटलीतली तिखटसर मोहरीची पेस्ट) आणि एक चमचा सायडर व्हिनेगर. व्हिनेगर टाळू नका, नाहीतर जेवणात गोडाचा पदार्थ आधीच वाढल्यासारखं होतं. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा, ती बुजली नाही की गॅस बंद. एकतारीपर्यंत नेलंत तर ब्रशलाच चिकटून बसेल.

शेवटच्या पाऊण तासात तुकड्याभोवती जाड कांदा आणि सालासकट सफरचंदाच्या फोडी पसरा. ग्रॅनी स्मिथ किंवा हनीक्रिस्प आकार धरून राहतात. मॅकिंटॉशचा मात्र लगदा होतो. ट्रेचा तळ कोरडा पडू लागला तर थोडं पाणी घाला.

थर्मामीटर १२५ दाखवू लागला की पहिला हात ग्लेझचा, मग दर पाच-सात मिनिटांनी एकेक. १४०ला बाहेर काढा, पंधरा मिनिटं हात लावू नका. बसल्या बसल्या तो आणखी पाचेक अंश चढतो. १४५ दिसले की मगच सुरी. ट्रेमधला रस कापांवर ओता.

आणि पाहुण्यांत मराठी मंडळी असतील तर पोर्क खातात का, हे आधीच विचारा. माझ्याकडे एकदा आठांतले तिघं नुसती सफरचंदं आणि भात खाऊन गेले.