केळीवरील रोग ओळखणाऱ्या प्रणालीसाठी फॉरवर्ड चेनिंग वापरावे की बॅकवर्ड?

रावेर-यावल पट्ट्यातील केळीवरचा रोग शेतकऱ्याला प्रश्न विचारून ओळखणारी नियमाधारित, म्हणजे 'जर-तर' नियमांवर चालणारी, प्रणाली आपण बांधणार असाल, तर अनुमान निष्कर्षाकडून पुराव्याकडे, म्हणजे बॅकवर्ड चेनिंगनेच चालवावे. या पद्धतीत प्रणाली आधी 'हा करपा आहे' असे गृहीत धरते, तो निष्कर्ष देणारे नियम शोधते आणि त्या नियमांच्या अटींपुरतेच विचारते: पानावर शिरांना समांतर पिवळसर रेषा दिसतात का, पुढे त्यांचे तपकिरी ठिपके होऊन मधला भाग राखाडी पडला आहे का? अटी जुळल्या नाहीत, की ती हरण्या रोगाच्या किंवा थंडीच्या चरक्याच्या शक्यतेकडे वळते. बांधावर उभ्या असलेल्या माणसाला असंबद्ध प्रश्नांना तोंड द्यावे लागत नाही, आणि 'हे कशासाठी विचारता?' असे त्याने विचारल्यास तपासला जात असलेला नियमच दाखवता येतो; माझ्या मते हेच या पद्धतीचे सर्वांत मोठे बळ आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७०च्या दशकात रक्तातील जिवाणूसंसर्गाच्या निदानासाठी तयार झालेली, सुमारे ६०० नियमांची मायसिन प्रणाली याच दिशेने चालत असे. लक्षणे नेहमी निःसंदिग्ध नसतात, म्हणून तिच्यात निष्कर्षांना −१ ते +१ या मर्यादेतील खात्रीचा अंकही जोडलेला असे. मात्र तापमान व आर्द्रतेच्या नोंदी सेन्सरकडून आपोआप येत असतील आणि त्यांवरून करप्याचा आगाऊ इशारा द्यायचा असेल, तर पुराव्याकडून निष्कर्षाकडे जाणारे फॉरवर्ड चेनिंग योग्य ठरते, कारण तेथे नवी नोंदच नियमांना चालना देते.